तिसरा उद्गार

शिरीषाच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की आमच्या चर्चच्या वेदीवर जांभळं कापड चढतं. वर्षभर ते कापड कपाटात डांबरगोळ्यांच्या संगतीत असतं, त्यामुळे लेंटचा पहिला रविवार माझ्याकडे येतो तो डांबरगोळीचा वास घेऊनच. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. उपासाचे, पश्चात्तापाचे, स्वतःला तपासून बघण्याचे. बाहेर पनवेल तापलेलं असतं. रस्त्याच्या कडेला ताडगोळेवाल्या बसतात, कळंबोलीकडून येणारे ट्रेलर धुरळा उडवत जातात, आणि हल्ली डोक्यावरून विमानं जायला लागल्यापासून पाळकांचा अर्धा उपदेश त्या घरघरीत बुडतो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, हेही इथे सांगून टाकते.

काल दुपारी पाळकसाहेबांनी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, ग्रुपवर यादी टाकली. गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशू क्रुसावर असताना सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर मंडळीतलेच सात जण एकामागून एक उभे राहून बोलतात. कोणाला कुठला उद्गार मिळतो यावरून दर वर्षी रुसवेफुगवे होतात. पहिला, क्षमेचा, तो पंचांपैकी कोणीतरी धरून ठेवलेला असतो. चौथा अवघड, देवाने सोडून दिल्याचा, त्याच्या वाटेला कोणी जात नाही. पाचवा, तहानेचा, छोटा म्हणून तरुण मुलांच्या गळ्यात पडतो. यादीत तिसऱ्या उद्गारापुढे माझं नाव होतं आणि त्याखाली साहेबांनी लिहिलं होतं की चार वर्षांपूर्वी बाईंनी याच उद्गारावर जे सांगितलं ते लोक अजून आठवतात, तर या वर्षी पुन्हा तेच ऐकावं अशी सर्वांची इच्छा आहे. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

पुन्हा तेच! मी मोबाईल पालथा ठेवला आणि तूरडाळ निवडायला घेतली. डाळ पिशवीतली, निवडलेलीच होती. तरी बराच वेळ निवडत बसले.

तिसरा उद्गार सांगायला सोपा आहे. क्रुसाखाली येशूची आई उभी आहे आणि शेजारी त्याचा आवडता शिष्य. तो आईला म्हणतो, हा बघ तुझा मुलगा. शिष्याला म्हणतो, ही बघ तुझी आई. आणि शुभवर्तमान लिहिणारा पुढे एवढंच सांगतो की त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. झालं. घर केवढं होतं, घरात आधी कोण होतं, शिष्याच्या बायकोचं काय म्हणणं पडलं, त्याबद्दल अक्षर नाही. एरवी वंशावळीच्या वंशावळी देणारं आमचं शास्त्र, म्हणजे बायबल, नेमकं तिथे गप्प बसतं.

लहानपणीचा लेंट मला आठवतो तो वडिलांच्या चहावरून. चाळीस दिवस ते चहा सोडायचे आणि आई त्यांचा राग सोसायची. पुण्य त्यांच्या नावावर, उपास तिचा. आम्ही पोरं गोड सोडायचो आणि ईस्टरच्या सकाळी अधाशासारखी तुटून पडायचो. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली असावी की लेंटमध्ये जे सोडायचं ते आपल्याला परवडेल एवढंच असतं आणि चाळीस दिवसांनी ते परत मिळतं. चार वर्षांपूर्वी, त्या भाषणाच्या वर्षी, मी मासे सोडले होते. उरणहून, मोरा बंदरातली ताजी कोलंबी दारावर यायची आणि मी 'नको गं, लेंट आहे' असं म्हणायचे. तसं म्हणताना फार बरं वाटायचं.

मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. वक्तृत्वाची मुलं माझ्याकडे असायची. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगते. मुलांना मी दोन गोष्टी घोकून घ्यायचे. एक, भाषणाच्या कागदावर समासात पेन्सिलने खुणा करायच्या: इथे थांबणे, इथे आवाज खाली, इथे समोर पाहणे. आणि दुसरी, समोर पाहणे म्हणजे हवेत नाही. दुसऱ्या रांगेतला एक चेहरा धरायचा आणि महत्त्वाचं वाक्य त्याच्याकडे बघून म्हणायचं. मग सभागृहातल्या प्रत्येकाला वाटतं, ही आपल्याशीच बोलतेय. कितीतरी ढाली आल्या शाळेला या युक्तीवर.

तेव्हा तिसरा उद्गार मिळाल्यावर मी तीन आठवडे तयारी केली. चार पानं लिहिली, खाडाखोड केली, पुन्हा लिहिली. विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समोर बसवून दोनदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, रडवशील लोकांना." मी म्हटलं, "रडवायचंच आहे." आम्ही दोघंही हसलो. मुलगा तेव्हाही बंगळूरलाच होता, त्याची खोली तेव्हाही रिकामीच होती. त्याच खोलीत आरशासमोर मी सराव करायचे.

त्याच दिवसांतली एक शुक्रवारची प्रार्थनासभा. लेंटमध्ये आम्ही दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी जमतो. शेवटी कोणाला काही अडचण असेल तर ती सांगायची आणि सगळ्यांनी त्यावर प्रार्थना करायची. त्या दिवशी हन्नामावशी म्हणाल्या, "माझी खोली जानार हाये. मालकानं जागा बिल्डरला दिली. ईस्टरपातुर सोडायला सांगितलंय. प्रार्थना करा."

हन्नामावशी नगरकडच्या. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. नवरा कळंबोलीच्या लोखंडबाजारात वॉचमन लागला म्हणून इकडे आल्या, तो गेला, त्या राहिल्या. मूलबाळ नाही. शास्त्रातल्या हन्नेने रडून रडून देवाकडे मूल मागितलं आणि देवाने दिलं. आमच्या हन्नेचं त्याने काही ऐकलं नाही. पनवेलजवळच्या एका गावात आगरी घरमालकाच्या परसातली एक खोली, एवढाच त्यांचा संसार. दर रविवारी दुसऱ्या बाकाच्या कडेला बसायच्या. डोक्यावर पदर, मांडीवर शास्त्र, आणि ओळीखालून सरकणारं बोट.

त्यांच्या अडचणीसाठी प्रार्थना मीच केली. मला प्रार्थनाही चांगली करता येते. प्रभू, तू तुझ्या या दासीसाठी दार उघड, असं म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग पोहे आले.

आणि तो गुड फ्रायडे. बाहेर ऊन असं की चपला काढून आत येईपर्यंत तळपाय पोळले. पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. कडक उपास, पाणीसुद्धा नाही. बायकांच्या पांढऱ्या साड्या आणि घामाचा, टाल्कम पावडरीचा वास. पहिला उद्गार झाला, लांबला. दुसरा झाला. एक वाजून गेला होता. मी उठले, चार पानं समोर ठेवली, आणि सुरुवातीलाच आवाज असा काही लागला की मलाच कळलं, आज जमलं.

मी काय काय म्हणाले! रक्ताची नाती गावाकडे राहतात आणि क्रुसाखाली नवी नाती जन्म घेतात, असं म्हणाले. मरणाच्या दारात असलेल्या मुलाने आईसाठी पैसा मागितला नाही, घर मागितलं, असं म्हणाले. आपल्याही मंडळीत अशा आया आहेत, आपल्या शेजारच्या बाकावर आहेत, प्रभू आज तुझ्याकडे बघून काय म्हणतोय ते ऐक. मग समासातल्या खुणेप्रमाणे थांबले. समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेतला चेहरा धरला, तो हन्नामावशींचा होता. आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, आवाज खाली घेऊन मी ते वाक्य म्हणाले: ही बघ तुझी आई.

लोक रडले. पाळकबाई हुंदके देत होत्या. मावशी रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि एकदा हळूच मान हलवली. ठरलेल्या गोष्टीला आपण हलवतो ना, तशी.

संध्याकाळी सहाला दाराची बेल वाजली. मी उपास सोडून आमटी-भात खात होते. दारात हन्नामावशी, हातात एक निळी रेग्झिनची पिशवी. मागे त्यांच्या घरमालकाची बायको कमळ, काखेत गुंडाळलेली गोधडी आणि पितळी तांब्या.

"आले बघ लेकी," मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापर्यंत मी 'बाई' होते.

कमळ घाम पुसत म्हणाली, "बाई, मावशी बोलली, तुमी देवलात सगल्यांसमोर तिला घरी बोलवलात. आमाला लय बरा वाटला बगा. आमी भाड्याच्या घरात चाललोय, एक खोली हाय नुसती, नायतर आमीच नेली असती. जीवाला घोर व्हता." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या देवाचा लय चांगला हाय हा. बोलला की करतात."

तोंडात घास होता. "या ना, आत या," म्हणाले. विनय आतून आला, पुढे होऊन त्याने पिशवी घेतली आणि मुलाच्या खोलीत नेऊन ठेवली. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाला, "भरसभेत बोलावलंस की गं तू." चेष्टाच होती. पण राग आला मला त्याचा.

मावशी आमच्याकडे एकोणीस दिवस होत्या.

आता सगळे विचारतील, त्रास होता का? छे! पहाटे पाचला उठून गीत म्हणायच्या, हळू आवाजात, पण फ्लॅटच्या भिंतींना हळू काही कळत नाही. मिश्री लावायच्या आणि बेसिनमध्ये तपकिरी डाग राहायचे. मी काही बोलायच्या आत स्वतःच घासून काढायच्या. गच्चीवर जुनं पातळ पसरून त्यांनी कुरडया घातल्या. लोण्यासारखा मऊ गव्हाचा चीक, तो ढवळताना घामाने निथळलेला त्यांचा चेहरा, आणि विनयला वाटीत चीक देऊन 'खा जावई' म्हणणं. विनय खूश. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायला बसायच्या. मी पाय ओढून घ्यायचे. "असू दे लेकी, मला कुठं होती कुनी तेल लावायला," म्हणायच्या आणि पुन्हा धरायच्या. माझ्या सख्ख्या आईने कधी माझे पाय चेपले नाहीत. ते सुख होतं, आणि मला ते सुख सहन होत नव्हतं.

म्हणजे कारण विचारलंत तर कारण काहीच नव्हतं. जागा होती, पेन्शन होती, नवऱ्याची ना नव्हती. मला माझं घर माझंच हवं होतं. सकाळचा पहिला चहा एकटीने खिडकीत उभं राहून प्यायचा होता. एवढ्यासाठी. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी किती लांब जातं, ते आधी कोणी सांगून पटणार नाही.

एकदा लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या दोघी भेटल्या. त्यातली एक मावशींकडे बघून म्हणाली, "पाहुण्या का?" मावशी झटकन म्हणाल्या, "पाहुनी कशाची, आई हाये मी हिची." आणि मी हसून म्हणाले, "नाही हो, आमच्या चर्चमधल्या आहेत, थोडे दिवस आल्यात." तळमजला येईपर्यंत कोणी बोललं नाही. पेत्र या शिष्याने, मी याला ओळखत नाही, असं म्हणून प्रभूला नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. आमच्या लिफ्टमध्ये दार उघडताना एक बाई इंग्रजीत मजला सांगते, ती तेवढी बोलली.

मावशी रागावल्या नाहीत. संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन पुन्हा आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कर्जतच्या वाटेवर, चौक गावाच्या पुढे, आमच्याच लोकांनी चालवलेला एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, स्वच्छ आहे, आंब्याची झाडं आहेत. मी फोन केला, जागा होती. मग मावशींना सांगितलं की घराचं वॉटरप्रूफिंग काढायचंय, सगळं फोडणार, धूळ होणार, तुमच्या छातीला सोसायची नाही. महिना-दीड महिना तिथे राहा. जून लागला की मी न्यायला येते.

"येशील ना?"

"येते म्हटलं ना, मावशी."

थापही मी चांगलीच मारते. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी बोलते ते करते, असा त्यांचा एकदा अनुभव होता.

गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेला ठाकरणी करवंदं घेऊन बसल्या होत्या, पळसाच्या द्रोणात. मी गाडी थांबवून दोन द्रोण घेतले. मावशींची बोटं, ओठ सगळं जांभळं झालं. वेदीवरच्या कापडाचा रंग. आश्रमाच्या कचेरीत फॉर्म भरताना 'रुग्णाशी नातं' असा रकाना आला. रुग्ण कसले, पण छापलेलं तसं होतं. मी लिहिलं: ओळखीच्या. मावशी शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं बोट माझ्या अक्षराखालून सरकलं, शास्त्र वाचताना सरकायचं तसंच, सावकाश. ओ-ळ-खी-च्या. मग बोट बाजूला झालं.

जून आला. मी जुलैत गेले, बिस्किटांचे पुडे घेऊन. पाऊस होता, व्हरांड्यात त्या निळी पिशवी घेऊन बसलेल्या. कोणीतरी आदल्या दिवशी सांगितलं होतं की मी येणार आहे. गोधडी गुंडाळून, दोरीने बांधून तयार. "काम चाललंय अजून मावशी," मी म्हणाले. "या पावसामुळे अडकलंय." त्या म्हणाल्या, "बरं बरं. घाई न्हाई. पावसात कसं व्हनार काम." आणि मलाच समजावत राहिल्या. मग मी गेलेच नाही. फोन करायचे. फोन करणंही हळूहळू विसरायला लागले, म्हणजे विसरत नव्हते, पुढे ढकलत होते.

तिथल्या मेट्रनबाई भल्या होत्या. एकदा त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "तुमच्या हन्नामावशी दर रविवारी साक्ष देतात हो." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. "काय सांगतात?" मी विचारलं. "एकच सांगतात. मला मूल नव्हतं, प्रभूने गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसावरून मला लेक दिली. ती मला न्यायला येणार आहे. दर रविवारी तेच. आता बाकीच्या म्हाताऱ्यांना पाठ झालंय." मग पुढे म्हणाल्या, "आणि तो फॉर्म त्यांनी मला दुरुस्त करायला लावला. म्हणाल्या, बाईंनी घाईत चुकीचं लिहिलं. मी 'मुलगी' केलंय. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

त्या संध्याकाळी निघायचं ठरवलं होतं मी, खरंच. विनयला सांगितलंही. तो म्हणाला, "चल, आत्ता जाऊ." मी म्हटलं, रविवारी जाऊ. रविवारी कोणाचं तरी लग्न होतं.

पुढच्या लेंटचं जांभळं कापड चढायच्या आधीच मावशी गेल्या. झोपेत. फॉर्मवर 'मुलगी' होतं म्हणून पहिला फोन मला आला आणि निळी पिशवीही माझ्याच ताब्यात दिली गेली. दफन पनवेललाच केलं. मंडळी बरीच जमली. पाळकसाहेब कबरेपाशी म्हणाले की बाईंनी पोटच्या मुलीसारखं केलं, देव याचं प्रतिफळ देईल. मी खाली बघत होते. प्रतिफळ हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही.

माती टाकून झाल्यावर बघते तर फाटकाशी कमळ. दोन रिक्षा बदलून आली होती. आत यावं की नाही कळेना म्हणून उभी. हातात मोगऱ्याचा गजरा, तो तिने तिथूनच माझ्याकडे दिला. डोळे पुसत म्हणाली, "बाई, शेवटाला तुमच्याकडंच व्हती ना मावशी? तुमच्या घरात?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बरा झाला," कमळ म्हणाली. "मना रोज वाटायचा, जाऊन बगून यावा. पन म्हटला, लेकीकडं हाय, कशाला जायाचा."

म्हणजे माझ्या भरवशावर तीही गेली नाही.

लोकांना वाटतं, शास्त्र वाचलं की मनाला शांती मिळते. मिळत असेल. मी सकाळ-संध्याकाळ वाचणाऱ्या घरात वाढले, हजारदा वाचलं असेल, आणि हजारही वेळा मी ते परीक्षकासारखं वाचलं: कुठे थांबावं, कुठे आवाज चढवावा, कुठला शब्द लोकांना हलवेल. मावशींना धड जोडाक्षरं यायची नाहीत. पण त्यांनी ते ऐकलं ते पत्ता लिहून आलेल्या पत्रासारखं. तुला बोलावलंय, ऊठ, पिशवी भर. त्यांची चूक झाली, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. भाषण ते भाषण, त्याचा कोणी असा अर्थ घेतं का? पाळकसाहेबांनाही मी एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, तो उद्गार प्रतीकात्मक आहे, मरीया म्हणजे मंडळी आणि शिष्य म्हणजे विश्वासणारा. मला केवढा आधार वाटला! चार दिवस टिकला.

नंतर प्रभूवरही चिडून पाहिलं. म्हटलं, तुझं बरं आहे. एका वाक्यात आईची सोय लावून मोकळा झालास. पुढचे दिवस काढायचे आम्ही, बेसिनमधले डाग बघायचे आम्ही. प्रार्थनेला बसते तेव्हा हल्ली शब्द येतात, चांगले येतात, आणि मध्येच मला माझाच आवाज ऐकू येतो. मग मी आमेन म्हणून उठते. तिकडे कोणी ऐकत असेल असं मला आता वाटत नाही, आणि कोणी ऐकत असेल तर त्याहून भीती वाटते.

मुलाच्या खोलीत, दाराच्या मागे ती निळी पिशवी अजून आहे. उघडली नाही. विनय एकदा म्हणाला, देऊन टाकू या कोणाला तरी. मी नको म्हटलं. सकाळचा चहा मी खिडकीत उभी राहून एकटीने पिते.

काल संध्याकाळी मोबाईल सरळ केला. यादीखाली अजून लोक हात जोडत होते. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि ते एक सोडून दुसरं कारण माझ्याकडे नाही. मीही हात जोडले. साहेबांचा लगेच निरोप आला: आभारी आहे बाई, तुमच्यासारखं जगून दाखवणारे थोडे.

मग कपाटातून फाईल काढली. चारही पानं होती, कडेने जरा पिवळी पडलेली. उभ्या उभ्याच वाचून काढली. वाटलं होतं, लाज वाटेल, खोटं वाटेल, काही ओळी तरी म्हणवणार नाहीत. तसं काही झालं नाही. भाषण चांगलंच आहे. सगळं खरं आहे त्यातलं. एक शब्दही बदलावा लागणार नाही.

तिसऱ्या पानावर, त्या वाक्यापाशी, समासात पेन्सिलने लिहिलेलं अजून स्पष्ट दिसतं: इथे थांबणे. दुसऱ्या रांगेत पाहणे. दुसऱ्या बाकाच्या कडेला हल्ली एक नवीन बाई बसतात, उलव्याहून येतात, एकट्याच. त्यांचं नाव मी विचारलेलं नाही. विनयच्या टेबलावरून खोडरबर आणला आणि ती पेन्सिलची ओळ तेवढी खोडून टाकली. या वर्षी मी मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलणार आहे.